सिंधूताईंची चक्कर मला बहाणा वाटली

मित्रांनो, आज सकाळी शर्टावरचा तेलाचा डाग काढून घ्यायला ड्रायक्लीनरकडे गेलो. बाटली उघडण्याआधी तिथल्या बाईंनी मास्क लावला, दार उघडलं आणि म्हणाल्या, "काका, बाहेर थांबा. वास डोक्यात चढतो."

तो गोडसर वास मी लगेच ओळखला. ट्रायक्लोरोइथिलीन.

नव्वदच्या दशकात मी सुरतजवळच्या सचिन गावात एका साडी कारखान्यात सुपरवायझर होतो. कापडावरचे लूमच्या तेलाचे डाग आम्ही याच केमिकलने काढायचो. ते काम धुळ्याकडच्या सिंधूताई करायच्या. दिवसभर एका कोंदट खोलीत, हातात स्प्रे गन.

एकदा त्या म्हणाल्या, "भाऊ, माले चक्कर यी ऱ्हायनी. पंखा लावू का?"

पंख्याने फवारा उडायचा, काम लांबायचं. मी म्हटलं, "ताई, रोज नवा बहाणा नको."

त्याच आठवड्यात त्या तिथेच कोसळल्या. शुद्धीवर आल्या, पण पुन्हा कामावर आल्या नाहीत. मीही चौकशी केली नाही.

'हवेशीर जागेतच वापरा' असं ड्रमवर इंग्रजीत लिहिलेलं होतं. ते मी वाचलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं.

आज दुपारी सुरतेतल्या गोडादऱ्यात, त्यांच्या जुन्या वस्तीत, विचारत विचारत त्यांचं घर गाठलं. त्या आता थकल्यात. मी सगळं सांगून माफी मागितली.

"म्हणजे तुमले माहीत व्हतं, भाऊ?"

मी हो म्हटलं. त्या उठून आत गेल्या, परत बाहेर आल्या नाहीत. थोड्या वेळाने मी उठलो.

तुमच्या हाताखालचं माणूस त्रास होतोय म्हणतं, तेव्हा तुम्ही आधी काय करता?