वाघाचा घास

मुलांच्या हौसेखातर जंगलासारखं सजवलेलं हॉटेल निवडलं होतं. आमच्या टेबलाशेजारीच प्लास्टरचा वाघ जबडा वासून उभा होता. धाकटी मीरा वरणभात खाईना, तेव्हा मी आमचं नेहमीचं सुरू केलं, "हा काऊचा घास, हा चिऊचा... आणि हा वाघाचा!"

तिनं तोंड घट्ट मिटलं. घाबरली बिचारी, असं मला वाटलं. तर ती खुर्चीवरून उतरली आणि तिनं घास माझ्या हातातून घेऊन वाघाच्या जबड्यात ठेवला.

"त्याचा त्याला दे ना, आई. कधीचा आ करून उभाय."

लहानपणी काऊ-चिऊचे किती घास मीच गट्टम केले असतील! कुणाचे खातेय, हा विचारही कधी मनाला शिवला नाही.

वाघाच्या दातांवरून वरण ओघळत होतं. मी पुसायला उठले.

"थांब," मीरा म्हणाली, "आधी गिळू दे त्याला."