नानांनी काटा दुरुस्त केला

गेल्या महिन्यात आमच्या नानांनी प्रशांत महासागरातल्या एका विमानतळावरचा वजनकाटा दुरुस्त करून घेतला... आणि त्यात सगळ्यात आधी स्वतःच अडकले!

सांगते. माझी मोठी बहीण, आमची ताई, सध्या पॉलिनेशियातल्या एका इवल्याशा बेटावर राहते. भाऊजी तिथे सोलरच्या कामावर आहेत. मध्यंतरी ताईला मुलगी झाली आणि तिने फोनवर जाहीर करून टाकलं, आई-नाना आल्याशिवाय बारसं करणार नाही.

मग काय... नाना आणि आई शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावाहून पिंप्राळ्याला माझ्या घरी आले ते पाळणा घेऊनच. ताई आणि मी, दोघी ज्यात झोपलो तो सागवानी पाळणा. खोलून, गोधडीत गुंडाळून, सुतळीने करकचून बांधलेला. मी म्हटलं, नाना, तिकडेही पाळणे मिळतात. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी गुपचूप तिघांची तिकिटं काढायला बसले.

मुंबईहून किती विमानं बदलली ते आता आठवतही नाही. तिथल्या मोठ्या बेटावर कस्टमच्या साहेबांनी पाळण्याची फळी न् फळी तपासली, हुंगली, आणि सोडली. तिथून एका छोट्या विमानाने आम्ही मधल्या एका बेटावर उतरलो. ताईच्या बेटाला जायला तिथे आणखी छोटं विमान पकडायचं होतं.

विमानतळ म्हणजे काय, तर झावळ्यांचं छप्पर, चार बाकडी आणि एक पंखा. एवढंसं अरुंद बेट... धावपट्टीच्या या बाजूला पाणी, त्या बाजूलाही पाणी. विमान यायच्या आधी भोंगा वाजतो, मग धावपट्टीवर गप्पा मारत बसलेली माणसं आणि कुत्री सावकाश उठून बाजूला होतात. आईला जागा फार आवडली. आल्या आल्या तिने बाकड्यावर रुमाल टाकून तीन जागा धरल्या. बाकी बाकडी रिकामीच होती.

विमान लहान असल्यामुळे तिथे सामानाबरोबर माणसंही काट्यावर चढतात. आईने आधी चप्पल काढली, मग पदर सावरला, मग ‘बाकीच्यांनी तिकडे बघा’ अशी खूण केली. फुलाफुलांचा शर्ट घातलेला तिथला कर्मचारी हसत हसत सगळ्यांचे आकडे लिहीत होता. सगळं व्यवस्थित चाललं होतं.

आणि नाना पुढे झाले.

नानांचं उभं आयुष्य कापूस विकण्यात गेलं. व्यापाऱ्याकडे माल टाकायच्या आधी काट्यासमोर वाकून बघणं हे त्यांच्या अंगात भिनलंय. इथेही वाकले, डोळे बारीक केले आणि मला म्हणाले, "हाऊ काटा शून्याना मांगे शे. वजन कमी दखाडस. सांग त्याले."

मीही शहाणी... सांगितलं! त्या भल्या माणसाने निरखून बघितलं, नानांचे मनापासून आभार मानले, काटा शून्यावर आणला आणि सगळ्यांना पुन्हा रांगेत उभं केलं.

आता प्रत्येकाचंच वजन वाढलं. बेरीज झाली, आणि विमानाला झेपेल त्यापेक्षा भार जास्त निघाला. काहीतरी मागे ठेवणं भाग होतं. सामानातला सगळ्यात जड डाग कोणाचा? आमचा. पाळणा पुढच्या आठवड्याच्या विमानाने येईल, असं त्याने तितक्याच हसतमुखाने सांगितलं. बारसं तर उद्यावर आलेलं.

नानांचा चेहरा एवढासा झाला. जन्मभर काटा कमी दाखवतो म्हणून भांडलेला माणूस... इथे कमी दाखवण्यातच आपला फायदा होता, हे त्यांच्या आता लक्षात आलं. मग पाळण्याच्या बदली स्वतःच मागे राहायला निघाले. म्हणाले, "मी आठेच ऱ्हास. तुम्ही पाळणा लई जा."

आई भडकलीच. "बारसाले आजाबिगर कसं चालई?"

मग तिने जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. सरळ खाली बसली, सुतळी सोडली, गोधडी उलगडली. पाळण्याची फळी एका बाजूने स्वतः धरली, दुसऱ्या बाजूने नानांना धरायला लावली. वर गोधडीचा बाळाएवढा गुंडाळा ठेवला आणि दोघं तिथेच, सगळ्या रांगेसमोर, फळी झुलवायला लागली. आई तर चक्क गुणगुणत होती. मला हसावं की रडावं कळेना.

रांगेतल्या एक थोराड बाई ओठांवर हात ठेवून बघत राहिल्या. मग खळखळून हसल्या, पुढे झाल्या आणि काट्यावरचं आपलं भलंमोठं खोकं ओढून खाली उतरवलं. त्यांचं बघून एकाने आपलं पोतं काढलं, आणखी एकाने पिशवी. पुन्हा बेरीज झाली. अख्ख्या छपराखाली टाळ्या पडल्या... नानांनी सगळ्यांना हात जोडले आणि पंच्याने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी बारसं दणक्यात झालं. ताईचे सगळे शेजारी आले होते, पाळण्याला झोके द्यायला नुसती झुंबड उडाली होती.

त्या बाई मात्र पुढच्या बेटावर गेल्या होत्या. ताईने ओळखीतून त्यांना निरोप पाठवला, तुमच्या सामानाचा खोळंबा झाला, काही भरपाई देऊ का? त्यांचा उलट निरोप आला... बाळाचा पाळण्यातला फोटो तेवढा पाठवा.

फोटो काढायच्या आधी आईने बाळाच्या गालाला काजळाची ठसठशीत तीट लावली. मी म्हटलं, अगं, एवढ्या चांगल्या बाईची कसली नजर लागतेय? तर म्हणाली, जीव लावणाऱ्यांचीच आधी लागते.