फ्राऊ वेबरच्या रेडिओतली खरखर

आता कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला, एक अख्खी टॅक्सी कंपनी मी एकट्याने बहिरी करून ठेवली होती!

एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. मी जर्मनीत स्टुटगार्टला गिअरच्या दात्यांवर संशोधन करत होतो. कुमुद, म्हणजे आमची ही, नुकतीच पुण्याहून आलेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचो आणि तळमजल्यावर घरमालकीण फ्राऊ वेबर, म्हणजे वेबरबाई, टॅक्सीचा धंदा चालवायची. कोपऱ्यात तिचा बेस रेडिओ. चांगला कपाटाएवढा! आतले व्हॉल्व्ह असे तापायचे की मांजर त्याच्यावरून हलायचं नाही. फ्राऊ वेबर माइकवर पत्ता सांगायची, गावभर फिरणारे ड्रायव्हर ऐकायचे.

एके दिवशी त्यात खरखर सुरू झाली. टर्र! जरा थांबून पुन्हा टर्र! पत्त्याचा नेमका नंबर गिळायची. गिऱ्हाईक प्रसूतिगृहाच्या दारात, टॅक्सी स्मशानाच्या दारात!

"हेर डॉक्टर," फ्राऊ वेबर रडकुंडीला येऊन म्हणाली, "ड्रायव्हर दुसऱ्या कंपनीत जातो म्हणतायत. ते गेले की मी धंदा बंद करणार. तुम्ही इंजिनिअर ना?"

अहो, 'हेर' म्हणजे श्रीयुत; श्रीयुत होतो, पण डॉक्टर व्हायला अजून अवकाश होता. आणि गिअरचा रेडिओशी काय संबंध? पण माणूस एकदा जर्मनमध्ये 'या, या', म्हणजे 'हो, हो', म्हणून बसला की संपलं!

मी व्हॉल्व्ह बदलले. टर्र. छपरावर चढून एरियलची तार घट्ट केली. टर्र. अर्थिंगची नवी तार नळाला बांधली. टर्र! मग जाहीर केलं, "आल्झो, म्हणजे थोडक्यात, दोष रेडिओत नाही. या बिल्डिंगमधलंच काहीतरी विजेचं यंत्र खोड्या काढतंय. एकेकाचा फ्यूज काढून बघू."

पहिला संशय दुसऱ्या मजल्यावरच्या हेर मायरवर. म्हातारा दिवसभर विजेच्या उशीने कंबर शेकायचा.

"माझी कंबर तुमच्या रेडिओत बोलते?" तो खवळला.

"विज्ञान आहे, हेर मायर!"

फ्यूज काढला. उशी गार, म्हातारा गरम, खाली टर्र! शेजारच्या केशकर्तनालयाचा फ्यूज काढला, तर ड्रायरखाली बसलेल्या बायका अर्धवट ओल्या केसांनी माझ्या अंगावर धावून आल्या. तरी टर्र!

"तुमचा फ्यूज?" हेर मायरने डोळे बारीक केले.

"आमचा कशाला?" मी हसलो. "आमच्याकडे यंत्र असं काहीच नाही."

खरं म्हणजे आमच्याकडे गणपती बसला होता. कुमुदने स्वतः मातीचा घडवलेला, आणि भोवती मी गेल्या नाताळच्या बाजारातून आणलेली उघडझाप करणारी दिव्यांची माळ. कुमुदने बजावलं होतं, "अहो, विसर्जनापर्यंत देव अंधारात राहता कामा नये हं!" मग आमचा फ्यूज काढणार कोण? आणि देवाच्या दिव्यावर संशय कोण घेतो, तुम्हीच सांगा!

शेवटी हेर मायरनेच पोस्टातून खरखर शोधणारा माणूस बोलावला; तिकडे रेडिओच्या तक्रारीही पोस्टच बघायचं. हातात गोल एरियल, कानाला हेडफोन. हा शांतपणे जिना चढतोय, मागून फ्राऊ वेबर, हेर मायर, ओल्या केसांच्या बायका! आमच्या दारात थांबला. आत माळ उघडली, टर्र. मिटली, टर्र.

"गेनाऊ," म्हणजे 'बरोब्बर', असं तो म्हणाला. "माळ बंद करा, नाहीतर खरखर शोषून घेणारा कंडेन्सर बसवा."

"बंद नाही करायची!" कुमुद मराठीतच कडाडली. सगळ्यांना कळलं.

"कंडेन्सर मीच बसवतो," मी म्हणालो. एवढं होऊनही, बघा! प्रयोगशाळेतून एक आणला, जोडला, बटण दाबलं. फट्! माळ जळाली, फ्यूज उडाला, घरात अंधार. कुमुदने समई लावली.

"गेली! खरखर गेली!" खालून आरोळी आली.

मी ऐटीत खाली उतरलो. रेडिओ कसा, काचेसारखा स्वच्छ. तेवढ्यात एका ड्रायव्हरने विचारलं, "फ्राऊ वेबर, होती तरी कुठे ही खरखर?"

तिने माझ्याकडे पाहिलं, माइक दाबला आणि सगळ्या टॅक्सींना कळवलं, "तिसऱ्या मजल्यावर. भारतातून शिकायला आली आहे."

गावभरच्या टॅक्सीवाल्यांचं हसणं त्या रेडिओतून आलं. इतकं स्वच्छ, इतकं स्पष्ट, की कोण किती हसलं तेसुद्धा कळत होतं!