भाऊजींचं दुसरं शील

जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला तेव्हा तिकडे पुष्कळ काही गेलं, पण पंचशीलापायी संगणक शिकलेला जगातला एकमेव माणूस भंडाऱ्याच्याच वाट्याला राहिला. हा माणूस माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. भाऊजी वरठीच्या लोखंडाच्या कारखान्यात क्रेन चालवायचे. शेजाऱ्यांचं पाहून त्यांनी एक जुना संगणक घेतला, आणि दुकानदाराने त्यात विंडोज फुकट टाकून दिलं. भाऊजींनी त्याची पावती मागितली. दुकानदार हसून म्हणाला की साऱ्या भंडाऱ्यात हीच एक सीडी फिरते, तिची पावती कोणी मागत नाही. त्या पौर्णिमेला विहारात सगळे पंचशील म्हणत होते. न दिलेली वस्तू घेणार नाही, हे दुसरं शील आलं आणि भाऊजी गप्प झाले. पहिलं म्हटलं, तिसरं म्हटलं, मधलं गिळलं. ताईला वाटलं, घसा बसला असेल. पुढच्या पौर्णिमेलाही तेच झालं तेव्हा तिने घरी येऊन विचारलं. भाऊजी म्हणाले, "चोरीचा माल घरात ठेवून कोण्या तोंडानं म्हणू?"

मग कारखान्याच्या ऑफिसातल्या कोणीतरी त्यांना लिनक्सबद्दल सांगितलं. बनवणारे ते सगळ्यांना देऊनच टाकतात, मागवलं तर टपालानेही येतं. भाऊजींनी मागवलं. खरंच परदेशातून पाकीट आलं. काही पैसे द्यायचे का, हे त्यांनी पोस्टमनला दोनदा विचारलं. त्यानंतरच्या पौर्णिमेला दुसरं शील त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटलं की पुढच्या रांगेतल्या बाया वळून पाहू लागल्या.

शिकण्याची त्यांची रीत क्रेनवाल्याची होती. माऊसला ते हात लावत नसत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, ती मोठ्याने वाचायची, एक हात वर करायचा आणि "बाजूले व्हा" असं ओरडून एंटर दाबायचं. सुरुवातीला ताई स्वयंपाकघरात लाटणं हातात धरून जागीच थांबायची. इंग्रजी कच्चं, म्हणून प्रत्येक आज्ञा वहीत उतरवून पुढे मराठीत तिचा स्वभाव लिहिलेला असे. फाइल खोडणाऱ्या आज्ञेपुढे लिहिलं होतं, 'गरीब दिसते, विश्वास ठेवू नये.' रूट म्हणजे त्या यंत्राचा सर्वाधिकारी. रूट होऊन काम झालं की भाऊजी तडक बाहेर पडत. "पावर भेटली का माणूस बिघडते," असं त्यांचं मत होतं आणि ते सरपंचापासून जावयापर्यंत सगळ्यांना लागू होतं.

माझं भंडाऱ्यात लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं, आणि त्यातलं सगळं त्याच फिरत्या सीडीवर चाललेलं. भाऊजी दुकानात आले की उभेच राहायचे, खुर्चीवर बसायचे नाहीत. शेवटी ऐन लग्नसराईत व्हायरसने संगणक आडवा केला तेव्हा मीच त्यांना बोलावलं. आत दोन डिस्क होत्या, एक रिकामी आणि एकीत तीन वर्षांच्या पत्रिकांचे नमुने. रिकामी पुसून तिच्यावर लिनक्स टाकायचं ठरलं. भाऊजींनी आज्ञा वाचली, हात वर केला आणि विचारलं, "पहिलीच पुसाची ना?" मी एका वरबापाशी बोलता बोलता हो म्हटलं. त्यांनी एंटर दाबलं. भरलेली डिस्क पुसली गेली.

मी कपाळावर हात मारला. चूक माझीच होती, तसं मी म्हटलंही. भाऊजींनी वर केलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, "इशारा कोणीबी देवो, लिव्हर तर माह्या हातात होता ना." दुसऱ्या दिवशी त्यांनी पंधरा दिवसांची रजा टाकली.

त्या पंधरा दिवसांत त्यांनी सायकलवर गावंच्या गावं पालथी घातली. मी छापलेल्या जुन्या पत्रिका लोकांच्या घरी असतीलच, त्या पाहून नमुने पुन्हा बांधता येतील, असा त्यांचा हिशेब. कुठे पत्रिका दारामागे चिकटवलेली, कुठे पेटीत साडीच्या घडीत. प्रत्येक घरी ते 'घेऊ का?' असं विचारत आणि मालकाने स्वतः हातात दिल्याशिवाय घेत नसत. पवनीच्या एका म्हातारीने नातीच्या लग्नात आपल्या आता मेलेल्या नवऱ्याचा मानपान राहिल्याचं सगळं गाऱ्हाणं ऐकवलं, मगच पत्रिका दिली. संध्याकाळी ते दुकानात येत, पिशवी उलटी करत आणि रात्रीच्या जेवणापर्यंत लिनक्सवर मराठी अक्षरांशी झुंजत. सुरुवातीला चिरंजीवाची वेलांटी उडून शेजारच्या अक्षरापुढे उभी राहायची. नवव्या दिवशी ती जागेवर बसली, तेव्हा त्यांनी मला जिलेबी आणायला पाठवलं.

आता खरी गोष्ट सांगतो. तिसऱ्याच दिवशी मला टेबलाच्या खणात मीच कधीतरी नक्कल काढून ठेवलेली एक सीडी सापडली. जवळजवळ सगळे नमुने तिच्यात होते. मी ते सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊजी दारात आले, धुळीने माखलेले, आणि म्हणाले, "आज अकरा भेटल्या, बाबू." मी खण बंद केला.

भाऊजी निवृत्त होऊन आता एकोडीला राहतात. माझं दुकान अजून लिनक्सवरच चालतं. मागच्या उन्हाळ्यात सगळं सांगायचंच असं ठरवून मी त्यांच्याकडे गेलो. ओसरीवर शेजारी बसले होते आणि भाऊजी त्यांना तेच पंधरा दिवस सांगत होते, कोणी ताक दिलं, कोणी सायकलचं पंक्चर काढून दिलं. "साऱ्या नोकरीत नाही भेटलं एवढं त्या पंधरा दिवसांत भेटलं," ते म्हणाले. ताईने भात वाढला, मी जेवलो.

फाट्यापर्यंत ते मला सोडायला आले. एसटी दिसू लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "काही सांगाचं होतं का रे तुले?"

मी म्हटलं, तब्येतीला जपा. ते हसले, आणि एक हात वर करून त्यांनी एसटी थांबवली.