डावीकडे ओढणारी गाडी

आमची गाडी डावीकडे जायची. कोणी नेत नसे, ती आपली आपणच जायची. हात जरा सैल पडला की शंभर पावलांत रस्त्याकडेच्या सागाला भेटायला निघे. आणि आलापल्लीत सागाला काय तोटा!

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. माझा नवरा आलापल्लीत एका लाकूड ठेकेदाराचा व्यवस्थापक होता आणि ठेकेदाराची जुनी मोटार आमच्या दिमतीला होती. तिचं पुढचं डावं चाक एकदा ओंडक्यावर आपटलं आणि खालचा आस वाकला. तो दुरुस्त व्हायला चार महिने गेले. तेवढ्यात त्या चाकाचा टायर बाहेरच्या कडेने तळहातासारखा गुळगुळीत झाला. आतली कड मात्र नवी कोरी. लोखंड सरळ करता आलं, पण रबर वाकडं झिजलं ते झिजलंच. तेव्हापासून हे ओढणं लागलं.

उपाय साधा होता. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालायचे. पण आमचा ड्रायव्हर ऐकेल तर शपथ! तो पूर्वी ओंडक्यांची बंडी हाकायचा, आणि बैलांचा सगळा कायदा त्याने मोटारीला लावला होता.

"ज्या बैलाची जे जागा, ते त्याची जागा, बाई. बदलली का बिथरते तो."

"भाऊ, हा बैल नाही, टायर आहे."

"त्याले का समजते, आपण टायर हाओ म्हणून?"

टायर जिथल्या तिथे राहिले.

मला गाडी शिकायची होती, पण हौस म्हणून नाही. आदल्या वर्षी पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावी आई गेली. ती अत्यवस्थ असल्याचा निरोप आला तेव्हा दिवसाची एकुलती एक बस निघून गेली होती, नवरा जंगलात होता, ड्रायव्हर तापाने फणफणला होता आणि गाडी दारात उभी होती. मी दिवसभर ओसरीवर बसून त्या गाडीकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या गाडीचा मला जितका राग आला तितका आयुष्यात कोणा माणसाचा आलेला नाही. गावी आता बाबा एकटे होते. त्यांच्या वेळी मी ओसरीवर बसणार नव्हते.

ड्रायव्हरनेच मला शिकवलं. तो शेजारी बसून ओरडायचा, "उजवा कासरा तानून धरा, बाई! आनखी ताना!" कासरा म्हणजे स्टिअरिंग, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तीन महिने मी ते चाक उजव्या हाताने ओढून धरून गाडी सरळ चालवली. इतकी, की पुढे कासार आला तेव्हा उजव्या हाताला डाव्यापेक्षा एक माप मोठ्या बांगड्या लागल्या. कासार म्हणाला, "बाई, का पैलवानकी करून राह्यले का?"

परवान्याची परीक्षा चांद्याला होती. सकाळी तिथे पोचल्यावर मी आणि ड्रायव्हर महाकालीला नारळ फोडायला गेलो. नवरा म्हणाला, मी गाडीपाशी थांबतो. माझा नवरा स्वभावाने फार चांगला होता, आणि माझ्या आयुष्यातले बरेच घोटाळे त्याच्या चांगुलपणामुळेच झाले आहेत. आम्ही देवीपुढे हात जोडून उभे होतो, तेव्हा त्याने पंक्चरवाल्याकडून पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून घेतले. बायकोला परीक्षेला गाडी सरळ मिळावी म्हणून! सांगितलं मात्र नाही. पास झाल्यावर सांगायचं होतं म्हणे.

परीक्षा घेणारे साहेब माझ्या शेजारी बसले. मी देवीचं नाव घेतलं, सवयीप्रमाणे उजवा कासरा ताणला आणि गाडी सोडली. गाडी रस्ता ओलांडून सरळ उजवीकडे गेली. मला वाटलं, अजून ओढायला हवं. ओढलं. समोर भाताच्या तणसाने भरलेली एक बंडी बैल सोडून उभी होती. तिच्यात आम्ही नाक खुपसलं. कोणाला लागलं नाही, पण साहेबांच्या मांडीवर भाराभर तणस येऊन पडलं.

"नापास," साहेब म्हणाले.

मला रडू आलं ते मी लपवलं नाही. नवरा धावत आला आणि त्याने सगळं कबूल केलं. ड्रायव्हरने वाकून चारही चाकं पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"साहेब, बाईचं काईच चुकलं नाई. जोडी बदलली आन धुरकऱ्याले सांगतलंच नाई. शंकरपटात असं केलं, तर बिचारा धुरकरी का करन?"

साहेब कॉलरमधून तणस काढत होते, ते थांबले. तेही इकडचेच, शेतकऱ्याच्या घरचे असणार. बैलांची शर्यत आणि जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याची अडचण त्यांना लगेच कळली. माझी अडचण तोवर कळली नव्हती.

"चार वाजता या," ते म्हणाले. "पन मी गाडीत नाई बसत. तिकडे निंबाखाली उभा राहून पाहीन."

मग भर उन्हात एका मोकळ्या मैदानात आम्ही फेऱ्या मारत बसलो. तीन महिने "ताना" म्हणणारा माणूस आता "सोडा, बाई, सोडा!" म्हणून घसा कोरडा करत होता. हात मात्र ऐकेना. शेवटी मी उजव्या हाताची दोनच बोटं चाकावर ठेवली, तेव्हा कुठे गाडी सरळ गेली. चार वाजता मी पास झाले.

परत निघताना ड्रायव्हर ऐटीत चाकामागे बसला, आणि पहिल्याच वळणाला गाडी उजवीकडे धानाच्या बांधीत उतरवली. त्याचाही हात त्या ओढीलाच सरावलेला. तो खाली उतरला आणि येऊन माझ्या शेजारी बसला. आलापल्लीपर्यंत मीच चालवली.

त्या हिवाळ्यात बाबांचा निरोप आला. बस गेली होती, नवरा जंगलात होता आणि ड्रायव्हर शंकरपट पाहायला सुट्टीवर गेला होता. मी घराला कुलूप लावलं आणि एकटीच निघाले. वैनगंगेच्या वाळूत अंथरलेल्या बांबूच्या तट्ट्यांवरून गाडी पार करताना दोन बोटांनी चाक धरलं आणि पलीकडे गेले.

बाबा खाटेवर पडून होते. त्यांनी माझा हात हातात घेतला, मग दुसरा घेतला, आणि दोन्ही मनगटं शेजारी शेजारी धरून पाहिली.

"काऊन वं, दोन हातात दोन मापाच्या बांगड्या?"

"डावा बैल ओढत होता, बाबा."

ते हसले. हसता हसता ठसका लागला, तेव्हा मी त्यांना उठवून पाणी पाजलं. त्यानंतर ते तीन दिवस होते, आणि तीनही दिवस मी त्यांच्या उशाशी होते.