बुधवारची कलेजी

गरोदर बाईला कलेजी उष्ण पडते, असं मला ज्या घरात सांगण्यात आलं, त्याच घरात ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणारे माझे सासरे दर रविवारी कलेजी खात होते. त्यांना ती उष्ण पडत नसे. दिराचा चेहरा मुरमांनी भरलेला होता, त्यालाही पडत नसे. पडणार होती ती फक्त मला. त्या वेळी पोटात असलेली माझी मुलगी आता कॉलेजात जाते, पण राग अजून जागच्या जागी आहे, आणि तो गेला पाहिजे असं मला वाटतही नाही.

मी कल्याणची. वडील रेल्वेत होते, आम्ही रेल्वेच्या चाळीत राहायचो. आई साताऱ्याकडची. आमच्याकडे बोकडाचं काही फुकट जात नसे. बोकडाच्या पोटाची वजडी आली की वडील पितळी घमेल्यात कढत पाणी ओतायचे आणि आई-वडील दोघं समोरासमोर बसून बोथट सुरीने ती खरवडायचे. काळा थर निघून खाली पांढरंशुभ्र मऊ टॉवेलासारखं दिसेपर्यंत. बायकांचं काम, पुरुषांचं काम असला विचार त्यात नव्हता. घाण वास येतो, लवकर उरकलेलं बरं, एवढाच विचार. मग हरभऱ्याची डाळ घालून ती शिजायची.

कलेजीचं मात्र पाच मिनिटांचं काम. लोखंडी तवा चांगला तापवायचा, तेल, ठेचलेला लसूण, कांदा, त्यावर कलेजीचे तुकडे, हळद, घरचं कांदा-लसूण तिखट. झाकण ठेवायचं नाही. मीठ अगदी शेवटी, नाहीतर कडक होते. उलथन्याने दाबल्यावर लाल पाणी यायचं थांबलं की उतरवायची. आम्ही भावंडं ताटल्या घेऊन उभी असायचो आणि पहिला तुकडा आई स्वतःच्या तोंडात टाकायची. "शिजली का बघते," म्हणायची. तिसरा तुकडाही शिजली का बघायलाच जायचा. वडील ओरडायचे, "अगं, शिजली की नाही ते आम्हालाही कळू दे."

या घरातून मी लग्न होऊन डोंबिवली पश्चिमेला आले. सासू-सासरे, नवरा, धाकटा दीर आणि मी. सासरची माणसं रत्नागिरीकडची. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, स्वयंपाकघराची खिडकी मागच्या विहिरीवर उघडणारी. मी ठाण्याला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. आठवड्याचे सहा दिवस टाइपरायटर आणि सातव्या दिवशी मटण.

रविवारी सकाळी सासरे पिशवी घेऊन जायचे. मटणवाला नेहमीच्या गिऱ्हाइकाला किलोभर मटणात कलेजीचे दोन-तीन तुकडे आणि गुर्दा टाकून देतो. "कलेजी टाक रे," म्हटल्याशिवाय तिथून कुणी हलत नाही. सासूबाई ते सगळं एकाच पातेल्यात घालून तासभर शिजवायच्या. इतकी शिजवलेली कलेजी रबरासारखी होते, हे मी आल्या आल्या सांगून पाहिलं. "आमच्याकडे असंच करतात," असं उत्तर मिळालं. ठीक आहे. घर त्यांचं, पातेलं त्यांचं.

पुरुष आधी जेवायचे. सासूबाईंची पळी रश्शात खोल जायची आणि त्या लालभडक तवंगाखालून बरोबर कलेजीचा तुकडा घेऊन वर यायची. न बघता. एक सासऱ्यांना, एक माझ्या नवऱ्याला, एक दिराला. दोनच तुकडे असले तर ज्याला मिळाला नाही त्याला गुर्दा. नंतर आम्ही दोघी बसायचो तेव्हा पातेल्यात मानेची हाडं, बटाटा आणि रस्सा. ज्या रविवारी वजडी असेल त्या दिवशी ती खरवडायला मी एकटीच न्हाणीघरात बसायची. मऊ, चांगले तुकडे मात्र आधीच्या पंगतीत संपलेले असायचे.

दोन वर्षं मी काही बोलले नाही. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. सुनेने खाण्यावरून बोलू नये, हलकं दिसतं, असं मलाही वाटायचं. ऑफिसात साहेबाच्या पत्रातल्या चुका तोंडावर दाखवणारी मी, घरी पातेल्याकडे बघून न बघितल्यासारखं करायची.

मग दिवस गेले. चौथ्या महिन्यात मला जिना चढताना दम लागायला लागला, डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा ऑफिसात खुर्चीतून उठले ती तशीच खाली बसले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पापणी खाली ओढून बघितली आणि चष्मा काढून ठेवला.

"अहो, रक्त कुठाय तुमच्यात? अशानं बाळंतपण कसं व्हायचं? बाटली चढवायची वेळ येईल. खाता काय?"

मी सांगितलं. त्यांनी कागदावर लिहायला घेतलं. पालेभाजी, खजूर, गूळ, बीट, लोहाच्या गोळ्या. बाई शाकाहारी घरातल्या असाव्यात, कारण पुढचं त्या दाराकडे बघून हळू आवाजात बोलल्या. "कलेजी चालते का तुमच्याकडे?"

"चालते ना."

"मग आठवड्यातून एकदा नीट वाटीभर खा. गोळ्यांच्या आधी तिचा गुण येईल." आणि तेही कागदावर लिहिलं.

तो कागद मी घरी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. सासरे म्हणाले, "डॉक्टर सांगते तर खायला पाहिजे." नवऱ्यानेही मान हलवली. मला वाटलं, झालं काम.

रविवार आला. पळी पातेल्यात गेली. एक तुकडा सासऱ्यांच्या ताटात. दुसरा नवऱ्याच्या. तिसरा दिराच्या. मी पोळ्यांचा डबा हातात धरून बघत उभी होते.

"आई, डॉक्टरांनी मला कलेजी सांगितलीय," मी म्हटलं.

"त्या डॉक्टरणीला काय कळतंय? ती काय खाते काय कलेजी?" सासूबाई वर न बघता म्हणाल्या. "पोटुशीला उष्ण पडतं गो. पोर राहायचं नाही. तू रस्सा घे, त्यात सगळं उतरतं."

"मग बाबांना नाही का उष्ण पडत? बीपी आहे त्यांना."

"पुरुषांचं वेगळं."

सासऱ्यांनी तुकडा तोंडात टाकला. दीर म्हणाला, "वहिनी, माझा घ्या हवं तर," आणि हे म्हणताना त्याने तो अर्धा खाल्ला होता. नवरा ताटातलं तसंच जेवला. संध्याकाळी माझ्यासाठी लोहाच्या टॉनिकची मोठी बाटली आणि खजुराचं पाकीट घेऊन आला, आणि मी खूश होईन या अपेक्षेने माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"अहो, तुमच्या ताटात होतं ते मला का नाही दिलंत?"

"अगं, आईसमोर कसं देणार? वाईट दिसतं."

बायकोला बाटली चढवायला लागली तर ते कसं दिसलं असतं, हे मी त्याला विचारलं. ते त्याच्या मनाला लागलं असावं. पुढच्या शुक्रवारी तो कामावरून येताना पाव किलो कलेजी घेऊन आला. आणि आणून दिली कुणाच्या हातात? आईच्या. जन्मभराची सवय. सासूबाईंनी ती खोबऱ्याच्या वाटपात केली, बेताचीच आहे म्हणून थोडी थोडी सगळ्यांना वाढली, आणि माझ्या वाट्याला वाटप आणि सुपारीएवढा तुकडा आला. माझं नाव सांगून आणलेली कलेजी. सासरे हात धुताना म्हणालेसुद्धा, "आज मजा आली. शुक्रवारची पण आणत जा रे."

त्या वाक्याने माझी दोन वर्षांची लाज संपली.

पुढच्या बुधवारी ऑफिसातून येताना मी स्वतः मटणाच्या दुकानात गेले. संध्याकाळच्या वेळी तिथे सगळे पुरुष. मटणवाला मला ओळखत होता, कारण कधीतरी सासऱ्यांबरोबर मी बाहेर थांबलेली असायची. हातातला सुरा थांबवून म्हणाला, "भाभी, तुम्ही? बाबा बीमार है क्या?"

"बाबा ठणठणीत आहेत. कलेजी द्या. पाव किलो."

"कलेजी तर सकाळीच खतम होते. उरली तर शाम को दारूवाले घेऊन जातात चखन्याला." मागचा एक माणूस हसला. मटणवाल्याने माझ्या पोटाकडे बघितलं आणि आवाज बदलला. "घर में कोई कमजोर है?"

"मीच."

त्याने आत जाऊन कुणासाठी तरी बांधून ठेवलेल्या पुडीतून थोडी कलेजी काढली आणि सोबत जिभेच्या आकाराचा एक काळपट लाल तुकडा टाकला. "तिल्ली आहे. कोई लेता नहीं. निखाऱ्यावर भाजा, खून बनता है." मला तिल्ली सांगायची गरज नव्हती. आई तिला पाणथरी म्हणायची आणि शेगडीवर भाजून, वरून मीठ-लिंबू लावून आम्हाला द्यायची.

घरी आले, पदर खोचला आणि तवा ठेवला. सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

"आज काय आणि हे?"

"कलेजी. मी करते."

"सांगितलं ना उष्ण पडेल म्हणून! उद्या काही झालं तर मला बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

लसूण तडतडला तसा वास बाहेरच्या खोलीत गेला. सासरे पेपर वाचत होते. "काय शिजतंय गं?" त्यांनी हाक मारली.

"कलेजी, बाबा."

"वा! आण जरा बशीत."

मी उलथनं तव्यावर ठेवलं. आवाज चढवला नाही. "तुमची रविवारी असते, बाबा. ही माझी."

बाहेर पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. सासूबाईंचे हात तांदळात थांबले. दीर दारात येऊन उभा राहिला आणि तसाच परत गेला. मी मीठ टाकलं, गॅस बंद केला आणि ओट्यापाशी उभ्यानेच, तव्यातून, पहिला तुकडा खाल्ला. मग दुसरा. कडेने जराशी करपलेली, आत मऊ. दोन वर्षांत पहिल्यांदा कलेजी कलेजीसारखी लागली. पाणथरी गॅसच्या बर्नरवर जाळी ठेवून भाजली आणि तीही संपवली. तवा घासूनच तिथून हलले.

दुसऱ्या दिवशी घरात अबोला असेल अशी तयारी ठेवली होती. तसं काही झालं नाही. झालं ते मला जास्त लागलं. संध्याकाळी शेजारीण हसत आली, हातात पुरणपोळीची ताटली. "काय गं, कलेजीचे डोहाळे लागलेत म्हणे? मुलगाच होणार बघ!" सासूबाईंनी जिन्यावर सगळ्यांना सांगून टाकलं होतं. सुनेला डोहाळे लागलेत, इतके की सासऱ्यांनाही बशी देत नाही, काय करणार, पोटातलं पोर मागतंय.

डोहाळे! डॉक्टरने कागदावर लिहून दिलेलं, सगळ्यांसमोर वाचून मागितलेलं कुणाच्या कानात शिरलं नाही. आता तेच पोटातल्या पोराने मागितलं म्हटल्यावर सगळे कौतुकाने हसायला लागले. उष्णही पडेना. सासरे मला, "आज बुधवार ना? लवकर निघ, संपेल," अशी आठवण करून द्यायला लागले. डोहाळेजेवणाला कुणीतरी ओटीत नारळाशेजारी मटणवाल्याची रिकामी पिशवी ठेवून सगळ्यांना हसवलं. मीही हसले. काय करणार, चारचौघींत. पण मला सांगावंसं वाटत होतं की बायांनो, मला लहर आलेली नाही, मला रक्त कमी आहे.

बाटली चढवावी लागली नाही. आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून विचारलं, "काय केलंत?" मी म्हटलं, तुम्ही लिहिलं होतं तेच. बाळंतपणाला कल्याणला गेले. आईने पायांचं सूप दिलं, कलेजी दिली, आणि पहिला तुकडा पूर्वीसारखाच स्वतः खाल्ला. मुलगी झाली.

ती तीन महिन्यांची झाली तेव्हा डोंबिवलीला परत आले. सुट्टी संपली, ऑफिस सुरू झालं. पहिल्याच बुधवारी मी पिशवी घेऊन घरात शिरले आणि पुडी ओट्यावर ठेवली. सासूबाईंच्या मांडीवर माझी मुलगी होती. त्यांनी पुडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना खरंच कळेना.

"आता कसले डोहाळे?"

"डोहाळे नाहीत, आई. तेव्हाही नव्हते. मला भूक लागलीय आणि मला कलेजी आवडते."

त्यांनी मुलीला खांद्यावर घेतलं. मग म्हणाल्या, "बाहेर ह्यांना काय सांगू?"

"हेच सांगा."

त्यांनी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सासऱ्यांनी त्या दिवशी बशी मागितली नाही. मी दर बुधवारी आणत राहिले. दर वेळी, "आई, घेता?" असं सासूबाईंना विचारायची आणि त्या मान हलवून नाही म्हणायच्या. त्यांच्या मनात काय होतं ते मी शोधत बसले नाही. विचारायचं ते मी विचारत होते.

मुलीला दात आल्यावर एका रविवारी सासूबाईंची पळी नेहमीसारखी पातेल्यात गेली आणि तुकडा घेऊन दिराच्या ताटाकडे वळली. मी मुलीची वाटी मध्ये धरली. पळी थांबली. मी वाटी मागे घेतली नाही. हात दुखायला लागेपर्यंत तशीच धरली, आणि तुकडा वाटीत पडला. मग मी तो बारीक कुस्करला, भातात कालवला आणि सगळ्यांच्या आधी तिला भरवायला बसले.