पन्नास ग्रॅमचं पाकीट

मंडळी, आज माझ्याच बातमीनं मला गाठलं.

मोहल्ल्यात सुनंदाबाई स्वतःच्या नावाचं तिखट पाकिटातून विकतात. प्लास्टिकच्या रिकाम्या पाकिटांची जबाबदारी आता माल बनवणाऱ्यावर, ही बातमी मीच त्यांना दिली होती. लहान धंद्यांना सूट आहे की नाही, हे कळायची वाट न बघता बाईंनी गिऱ्हाइकांकडून पाकिटं परत मागायला सुरुवात केली.

सकाळी मी माझी पिशवी त्यांच्यापुढं रिकामी केली. सगळी पाकिटं पन्नास ग्रॅमची.

"भाऊ, हे छोटं पाकीट तुमी एकटेच नेता," त्या म्हणाल्या. "तिखटाच्या मानानं यालेच प्लास्टिक जास्त लागते. बंद करून राह्यली मी. डबा आणा, लागंल तेवढं भरून देते."

मी अपरिग्रहावर व्याख्यानं देणारा माणूस. नाही कसं म्हणणार?

घरी येऊन फडताळ उघडलं. डबे नऊ निघाले, सगळे आमची ही असतानाचे, मुलं घरात असतानाचे. सर्वांत लहान डब्यातही पन्नास ग्रॅम तिखट तळाला जेमतेम दिसेल.

उद्या तोच नेईन. पण एकटे राहणाऱ्यांनो, खरं सांगा, तुम्ही डबे बदललेत का?